तिसरी ओळ आणि चिनी कुलूप

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेसात.

आजपासून रोजनिशी. नियम तीन. एक, जगाच्या घडामोडींवर रोज एक ठाम मत. दोन, तक्रार करायची नाही. तीन, २६ तारखेच्या आत कंधारला जाऊन किशनला भेटायचं.

किशनराव आणि मी चौथीत एका बाकावर, पुढं एकाच शाळेत मास्तर. तो भूगोल, मी मराठी. जन्मभर पोरांना नकाशावर काठीनं अमेरिका दाखवली, आता सत्त्याहत्तराव्या वर्षी, २६ तारखेला, लेकाकडं ती बघायला निघालाय. कायमचा. कंधारचं घरसुद्धा विकायला काढलं.

आजचं मत: तो जाणार नाही. अमेरिका सध्या दारं लावून घेऊन राहिली. व्हिसाच्या खिडकीवरच अडकेल. म्हणजे घाई नाही. पण नियम तो नियम.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

किशनला फोन केला. चौथीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता निघाली. चार ओळींचं कडवं, मला तीनच आठवतात:

ओढ्या, इतका धावु नको रे,
गाव मागुती ठेवु नको रे,
.........
जाशिल तेव्हा सांगुन जा रे.

तिसरी ओळ गेली. दोन वर्षं झाली, दाढेत अडकलेल्या तुरीच्या टरफलासारखी छळते आहे. किशन म्हणाला, मला येते. म्हटलं, सांग. म्हणाला, फोनवर सांगत न्हाई, कंधारला ये, समोर बसून सांगतो. मी म्हटलं, हा ब्लॅकमेल आहे. तो म्हणाला, हाव, हायच.

५ नोव्हेंबर, बुधवार.

लातूरहून कंधारला निघणार होतो. गुरुनानक जयंती, नांदेडकडच्या गाड्यांना गर्दी. रद्द.

मत: मोबाईल-संगणकाच्या चिपा ज्याच्या हातात, जग त्याच्या हातात. पूर्वी हे मिठाबद्दल खरं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

घरात संकट शिरलं. अमरनाथनं (माझा मुलगा, डाळमिलमध्ये मॅनेजर) दाराला डिजिटल कुलूप बसवलं. किल्ली नाही. अंगठा लावायचा. वर घंटी, घंटीत कॅमेरा. डब्यावर बघितलं, चिनी.

आमच्या कंधारच्या जुन्या घराला अलिगढी कुलूप होतं. किल्ली वीतभर. ती कोनाड्यात ठेवायचो आणि अख्ख्या गल्लीला ते ठाऊक. त्याला म्हणतात सुरक्षा.

अमरनाथ दारापाशी उभा राहून मला काहीतरी समजावत होता. बाहेरून असं, आतून तसं. मी त्या वेळी आयातशुल्काचा विचार करत होतो, त्यामुळं नीट ऐकलं नाही. हो हो म्हटलं. यंत्र समजून घ्यायची गरज नसते, त्यामागचं राजकारण समजलं की झालं.

मग माझे अंगठे घ्यायला बसला. उजवा, डावा, सगळी बोटं. कुलपानं एकही मानलं नाही. प्रत्येक वेळी एक बाई इंग्रजीत सॉरी म्हणायची. चौतीस वर्षं खडू धरला, बोटांवरच्या रेषा फळ्यावर राहिल्या. हे वाक्य चांगलं झालं. जपून ठेवावं.

९ नोव्हेंबर, रविवार.

मोबाईलमधल्या एआयला तिसरी ओळ विचारली. जगातल्या सगळ्या पुस्तकांचा रस म्हणे त्याच्या पोटात. त्यानं ताबडतोब दिली: 'पाण्यामध्ये चंद्र हसतो बघ कसा रे.' मात्रा मोजल्या. बावीस. या कवितेला ओळीला सोळाच लागतात. म्हटलं, चूक. त्यानं माफी मागून दुसरी दिली. चौदा. पुन्हा माफी. तिसऱ्यात ओढ्याचा समुद्र केला.

पोराला एवढं खोटं बोलताना बघितलं असतं तर बाकावर उभा केला असता. पण हा तर नम्र. नम्र खोटारड्याला शिक्षा काय करायची, हे डी.एड.ला शिकवलेलं नाही.

मत: अब्जावधी ओतून उभारलेल्या कंपन्यांना जे येत नाही, ते कंधारच्या भूगोलाच्या मास्तरला येतं. ही बातमी कोणी छापणार नाही.

नीलाबाई (माझी पत्नी) म्हणाली, अहो, मग जा की त्या मास्तरकडं. यंत्राशी कशाला भांडता?

१२ नोव्हेंबर, बुधवार.

किशनला व्हिसा मिळाला. मुलाखत दोन मिनिटांत झाली. काय करता विचारलं, हा म्हणाला, तुमच्या देशाच्या नद्या शिकवल्या. साहेब हसला आणि शिक्का मारला.

माझं मत चुकलेलं नाही. धोरण कडकच आहे, अंमलबजावणी ढिली आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी तीन.

घरात एकटा. सूनबाई मंजुश्री तिच्या कोचिंग क्लासला, शिकवायला. नीलाबाई भजनाला. मला खाली जाऊन पेपर आणायचा होता. दाराच्या आतल्या बाजूला, दांड्याच्या खाली, एक काळा चौकोन आहे. त्यावर अंगठा ठेवला. उजवा, डावा. मग दोन्ही एकदम. काही नाही. बाईनं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

म्हणजे मला आतूनही बाहेर जाता येत नाही! नीलाबाई मात्र सटकन उघडून जाते. तिनं जन्मात खडू धरला नाही, तिचे ठसे शाबूत.

दोन तास गॅलरीत उभा राहिलो. औसा रोडवर नीटच्या क्लासची पोरं पाठीवर ओझी घेऊन चाललेली. खाली जग, वर मी. देशांवर निर्बंध लादतात तेव्हा जनतेला काय वाटत असेल, ते आज कळलं.

कुणाला सांगणार नाही. मला आतून दार उघडता येत नाही, हे वाक्य सुनेसमोर बोलायचं? त्यापेक्षा आत बसलेलं बरं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

काल ठरवलं, सकाळी सहाची अहमदपूर गाडी, तिथून कंधार. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, आधार कार्ड खिशात. साडेपाचला आवरून, बूट घालून, पिशवी घेऊन दारापाशी. सगळे झोपलेले.

आणि दार.

सोफ्यावर बसलो. सात वाजता नीलाबाई उठली. म्हणाली, अय्यो, बूट घालून का बसलात? म्हटलं, साडेपाचपासून बघतोय, चावतात का. म्हणाली, दीड तास? मी म्हटलं, नीट बघायला वेळ लागतो.

गाडी गेली. मत: सार्वजनिक वाहतूक सुधारली पाहिजे.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

कानातलं यंत्र आजपासून बंद. त्यात ब्लूटूथ आहे. आपण घरात बोलतो ते कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या गोदामात जाऊन साठतं, असं वाचलं. माझी मतं फुकट कुणाला देणार नाही.

शांत वाटतं. नीलाबाई दिवसभर काहीतरी बोलत होती, चेहऱ्यावरून कौतुक नसावं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

मंजुश्रीनं कागदावर लिहून दाखवलं (यंत्र बंद आहे म्हणून): 'मामा, उद्या हे तुम्हाला गाडीनं कंधारला सोडतो म्हणतात.' मी खाली लिहिलं: 'तेलाच्या राजकारणात मी भर घालणार नाही.' तिनं कागद वाचला. मग त्याच कागदावर वाणसामानाची यादी केली.

खरं तर जायला पाहिजे होतं. पण दुसऱ्याच्या गाडीत बसून, दुसऱ्यानं उघडलेल्या दारातून जायचं म्हणजे पार्सल. माणसानं स्वतः निघावं.

आखाती देशांवरून विमानं वळवायची वेळ आली, असा माझा अंदाज आहे. किशनचं उड्डाण पुढं ढकलणार. डिसेंबरमध्ये निवांत जाईन, तोवर तुरीच्या शेंगाही येतील.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

किशनचा फोन. स्पीकर कानाला लावून ऐकला. म्हणाला, गुरू, तू काय येत न्हाईस. परवा मुंबईला निघालो, सिंधु गाडी घेऊन येऊन राहिली (त्याची मुलगी, नांदेडला असते). वाटेत लातूरला तुझ्या दारात पाच मिनिटं थांबतो. घरी राहशील ना?

घरी राहशील ना, म्हणे. वीस दिवस दुसरं काय केलं?

विमान वेळेवर आहे. बघू.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी सव्वाबारा.

लगेच लिहायला पाहिजे.

किशन अकराला येणार होता, पावणेबाराला आला. नीलाबाई अकरा वाजेपर्यंत थांबली, मग पेढे आणते, दहा मिनिटांत येते म्हणून गेली ती गेलीच. तिचा मोबाईल फ्रिजवर. अमरनाथला फोन लावला, मिलच्या आवाजात उचलला नाही. मंजुश्री वर्गात.

घंटी वाजली तेव्हा मी दाराला चिकटूनच होतो. काळ्या चौकोनावर दोन्ही अंगठे दाबले. तळहात दाबला. शेवटी कपाळ लावून बघितलं, हल्ली चेहऱ्यानंही उघडतं म्हणतात. नाही.

ओरडलो, किशन, उघडत नाही रे! बाहेरून तो काहीतरी बोलला. यंत्र शोधलं तर चार्जिंग नाही. दाराला कान लावला. लाकूड जाड. किशनचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. भूगोलाच्या तासाला असाच यायचा, भिंतीपलीकडून, आणि माझी पोरं कवितेच्या मधेच गोदावरीच्या उपनद्या म्हणायची.

आणि मग ऐकू आलं. स्पष्ट.

झाडाखाली थांब जरा रे!

तिसरी ओळ! दाराआडून, निघता निघता, त्यानं शब्द पाळला. मी म्हटलं, पुन्हा म्हण! तो आणखी मोठ्यानं म्हणाला. तिसऱ्यांदा तर चालीवर म्हणाला, दारावर थाप देत.

झाडाखाली थांब जरा रे. बोटांवर मात्रा मोजल्या. सोळा! विसरायच्या आत लिहावी म्हणून आतल्या खोलीत धावलो, रोजनिशी काढली, चष्मा सापडेना, सापडला, लिहिली.

परत आलो तर बाहेर शांत. गॅलरीतून बघितलं, पांढरी गाडी वळून औसा रोडला लागत होती. मागच्या काचेतून हात हलला. किशनचाच असणार.

असो. ओळ मिळाली. माणसं जातात, कविता राहते. आणि या दाराबद्दल आता संबंधितांना पत्र लिहिणारच.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

नियम दोन मोडतो, तक्रार करतो.

अमरनाथ आला. यंत्र चार्ज करून माझ्या कानात घातलं आणि म्हणाला, अप्पा, किशनकाका येऊन गेले ना, घंटीच्या कॅमेऱ्यात आलंय, बघा. मोबाईल पुढं धरला. किशन दिसला. नवा स्वेटर, कानटोपी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मागं सिंधु घड्याळ बघत होती. किशन वाकून दाराला तोंड लावून ओरडत होता. मी लगेच मंजुश्रीला म्हटलं, ऐक आता, तिसरी ओळ.

किशन म्हणाला: अरे, दांडा खाली दाब जरा रे!

पुन्हा: दांडा! खाली दाब जरा रे!

तिसऱ्यांदा थाप देत, चालीवर. मग सिंधुला म्हणाला, तुझ्याकडं नांदेडला हेच कुलूप हाय गं, आतून नुस्ता दांडा दाबायचा, अंगठा लागत न्हाई. आत काय करून राहिला हा? सिंधु म्हणाली, बाबा, विमान चुकेल. त्यानं फडक्यातलं ते उंबऱ्यापाशी ठेवलं. दाराकडं थोडा वेळ बघत उभा राहिला. मग निघाला.

कुणी हसलं नाही. नीलाबाईसुद्धा नाही. मी तिला विचारलं, तू इतके दिवस अंगठा लावून उघडत नव्हतीस? ती म्हणाली, कसला अंगठा? हातात पिशव्या असतात, मी कोपरानं उघडते. मग अमरनाथला म्हणाली, आता ते बंद कर.

काळा चौकोन म्हणजे बॅटरीचं झाकण.

फडक्यात गूळशेंगा होत्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी.

आज जागतिक घडामोड नाही.

किशन पोचला. मेसेज आला. लिहितो: गुरू, सुखरूप. इथं थंडी लई. दार उघडलं का?

मी लिहिलं: उघडलं. तू गेल्यावर. आता तरी खरी तिसरी ओळ सांग. मी हरलो असं समज.

तिकडं रात्र होत असेल. तरी उत्तर आलं:

'मला तरी कुठं आठवते रे. तू येशील म्हणून म्हणत होतो.'

दारापाशी गेलो. दांडा दाबला. उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. पुन्हा लावून घेतलं, पुन्हा उघडलं. नीलाबाई म्हणाली, कुठं निघालात? म्हटलं, कुठं नाही.

कडवं एकदाचं पूर्ण केलं:

ओढ्या, इतका धावु नको रे,
गाव मागुती ठेवु नको रे,
दांडा खाली दाब जरा रे,
जाशिल तेव्हा सांगुन जा रे.

मात्रा मोजल्या. सोळा भरतात.