वाळत घातलेला झेंडा

आई, तुला जाऊन बत्तीस वर्षं झाली. तुझ्याशी कधी बोलले नाही ते आज लिहायला बसले आहे.

आपण तेव्हा बुधवारा मोहल्ल्यात राहायचो. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. कागद नागपूरला पाठवायचे की भोपाळला, हे शाळेत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बाबा गेलेले, मुलींच्या शाळेत शिकवून तू घर चालवायचीस. त्या जानेवारीत सूत मिळत नाही म्हणून लोधीपुऱ्यातले विणकर रस्त्यावर बसले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. शाळेच्या खिडकीतून तू ते पाहिलंस. एका म्हाताऱ्याला तो पडल्यावरही मारत होते, हे तू मारणाऱ्या हवालदाराच्या नावानिशी खंडव्याला जिल्ह्याच्या साहेबांना कळवलंस. मामा म्हणाला, खाली सही तरी करू नकोस. तू म्हणालीस, बिनसहीचं पत्र म्हणजे चुगली.

आठ दिवसांनी, सव्वीस जानेवारी तोंडावर आलेली, तू शाळेचा झेंडा धुवायला घरी आणलास. रिठ्याच्या पाण्यात केशरी रंग जरा सुटला आणि पांढऱ्यावर उतरला. पिळून तू तो माझ्या हातात दिलास, दोरीवर टाक म्हणालीस. माझी बोटं गारठली होती. झेंडा निसटला आणि अंगणातल्या चिखलात पडला. "लक्ष कुठं आहे तुझं?" एवढंच तू बोललीस, आणि पुन्हा धुऊन स्वतः वाळत घातलास. वळलीस तर दारात तोच हवालदार उभा होता, सगळं पाहिलेला.

ठाण्यात तू बाकावर बसली आहेस आणि मी तुझा पदर धरून आहे. टेबलावर ओला झेंडा पसरलेला, पांढऱ्यावरचा डाग दिसेल असा. ठाणेदार आवाज चढवत नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटते. तो सांगतो की हा तिरंग्याचा अपमान आहे, यात तुरुंग होतो. पण खंडव्याची तक्रार मागे घेतली आणि दोन ओळींचा माफीनामा दिला, तर गोष्ट इथंच मिटेल. तू शांतपणे विचारतेस, "झेंडा धुतला तर कुठलं कलम लागतं, साहेब? तेवढं लिहून द्या." तो माझ्याकडे वळतो आणि मायेनं विचारतो, "बेटी, सच बता. झंडा मिट्टी में किसने गिराया?"

मी नऊ वर्षांची होते. मी म्हणाले, "आईनं."

तू माझ्याकडे पाहिलंस. आता तू खरं सांगशील, मग मला धरतील, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तू म्हणालीस, "हो, माझ्याच हातून पडला. घ्या लिहून."

माफीनामा तू दिला नाहीस, तक्रारही मागे घेतली नाहीस. दिवेलागणीला आपल्याला सोडलं. येताना तू मला मिठाईच्या दुकानातून दराबा घेऊन दिलास, आणि मी तो सगळा खाल्ला. खटला कधी उभा राहिलाच नाही. त्यांना कलमच सापडलं नसावं. पण तुझा जबाब शाळेच्या समितीपुढे गेला आणि महिन्याच्या आत तुला कामावरून काढलं. तुझ्या पत्रावर चौकशी झाली ती पावसाळ्यानंतर, आणि हवालदाराची फक्त बदली झाली. तू आपल्याच गावच्या लालबागेत घरोघरी शिकवण्या करून मला वाढवलंस. त्या दिवसाचा विषय तू एकदाही काढला नाहीस. काढला असतास, दोन शब्द सुनावले असतेस, तर मला रडता तरी आलं असतं.

हा कागद मी कपाटात अगदी तळाशी ठेवणार आहे. घरात सगळ्यांना मी सांगत आले की आईनं नोकरी तब्येतीमुळे सोडली. माझी नात आता इंदूरला वकिली शिकते. मागच्या रविवारी तिनं तुझ्याबद्दल मुद्दाम विचारलं. तिलाही मी तेच सांगितलं.