मधलं पांढरं

॥ श्री ॥
आगाशी,
१२ ऑक्टोबर २०२४

चि. ऋतिकास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांनी बाळंतपण होईपर्यंत बिछान्यातून उठायचं नाही म्हणून बजावलंय, आणि तू मात्र तिथे बडोद्यात उशीला टेकून माझ्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेचा लेख खरडते आहेस! अनुज जावईबापूंना म्हणावं, हिच्यापुढचा लॅपटॉप काढून घ्या. पत्र लिहितेस ते चालेल. फोनवर मला बोलवत नाही आणि तुझ्या बाबूकाकाला ऐकू येत नाही, तेव्हा आपलं घर अजून पोस्टमनच्याच भरवशावर आहे.

तू विचारलंस की माझ्या चित्रांचं मूळ कुठे धरायचं, बागेत की पुस्तकांत. अगं, दोन्हीकडे. मुंबईला कलाशाळेत गेले तेव्हा मला केळीची झाडं तेवढी काढता यायची, आणि तीही अशी की बाबू म्हणायचा, ह्यांना जन्मात घड लागायचा नाही. तिथल्या लायब्ररीत एका डच चित्रकाराची झाडं पाहिली. एकच झाड तो पुन्हा पुन्हा काढत गेला आणि शेवटी झाड गेलं, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या. मी त्या पुस्तकापुढे बसून रडले, खरंच सांगते. सकाळी पानमळ्यात शिरलं की मला तेच तर दिसायचं, पण ते कुणाला दाखवण्यासारखं असतं हे तोवर ठाऊक नव्हतं. पुढे एका रशियन माणसाचा पांढऱ्यावर काढलेला पांढरा चौकोन पाहिला. त्याचा मात्र मला संताप आला. म्हटलं, मेल्याने चांगलं कापड फुकट घालवलं! पन्नास वर्षं लागली मला त्याच्याशी समेट करायला. हे लेखात घालायचं तर घाल, पण 'मेल्याने' काढून टाक.

आता गुपित ऐक. मोठं चित्र झालं. तू फोटोत पाहिलीस ना मधली पांढरी जागा, ती सोडलेली नाही, रंगवलेली आहे. खालचं सगळं हिरवं-पिवळं आत बुडेपर्यंत मी पांढरं चढवत राहिले. अख्खं चित्र त्या पांढऱ्यासाठी आहे; कडेचं पिवळं म्हणजे नुसतं कुंपण. आता त्यावर एक ठिपका जरी पडला तरी ते मेलं. जन्मभर मला कुठे थांबावं ते कळलं नाही, ह्या वेळी कळलं. त्या आनंदात मी बाबूशी इतकी गोड बोलले की तो माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघून गेला.

त्याला सांगू नकोस हं. रोज सकाळी चहा आणतो आणि दारातूनच विचारतो, झालं का. मी म्हणते, अजून नाही. आमचा हा खेळ तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा. झालं म्हटलं तर हा नारळ फोडेल, बाजारभर पेढे वाटेल, आणि सगळी आगाशी येऊन मला विचारेल की ह्यात काय काढलंय. गाडी चित्र न्यायला येईल त्या दिवशी मागे सही करीन आणि पहिलं त्यालाच सांगेन. त्याचं तोंड बघायचंय मला.

जपून राहा. माझा लोभ आहेच, त्यातला थोडा पोटातल्यालाही पोचू दे.

तुझी,
चंद्रकांताआत्या

॥ श्री ॥
बडोदा,
२० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. बाबूकाकांस,
ऋतिकाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

शेजारची मर्सी रोज फोन करते, त्यामुळे सगळं कळतंय. आत्याचा उजवा हात गेला, वाचा गेली, हॉस्पिटलवाल्यांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. आई-बाबा गेल्यावर तुम्ही दोघांनी मला वाढवलंत, आणि आज मी इथे पालथं भांडं होऊन पडले आहे. काल उठून बॅग काढली होती. अनुजने ती परत माळ्यावर ठेवली आणि मग दोघं रडलो.

आता तुमची पाळी. मर्सी म्हणते, तुम्ही जेवायला उठत नाही. चहात दोन-दोन चमचे साखर घालता आणि तिने विचारलं की ऐकू आलं नाही असं दाखवता. काका, हे बहिरेपण फार सोयीचं झालंय तुम्हाला! तुमची साखर कुठवर चढली आहे माहीत आहे ना? कानातलं यंत्र फळीवर ठेवण्यासाठी घेऊन दिलं होतं का मी? माणसाने किती हट्टी असावं! आता तुम्हीही आडवे झालात तर मी कुणाकुणाकडे बघू? पत्र मिळाल्याबरोबर दोन वेळा जेवायचं सुरू करा, नाहीतर बाळाला सांगेन की तुझा आजोबा अतिशय वाईट माणूस आहे.

एक करा. मोठं चित्र तिच्या रंगवायच्या खोलीतून आणून पलंगासमोर लावा, तिला मान न वळवता दिसेल असं. तिला बरं वाटेल. त्या चित्राबद्दल तिला तुम्हाला काही सांगायचं आहे, ते तीच सांगेल बोलायला लागली की. माझ्याकडून वदवून घ्यायला बघू नका, मी शब्द दिलाय.

तिच्या कपाळावरून माझा म्हणून एकदा हात फिरवा. रागावले तरी माया तुमच्यावरच आहे.

तुमची,
ऋतू

आगाशी,
१४ डिसेंबर २०२४

चि. ऋतूस,
बाबूकाकाचे आशीर्वाद.

सुतक आहे म्हणून वर श्री घातली नाही. मर्सीने तुला फोनवर कळवलंच आहे. तुझ्या शिव्यांचं पत्र उशाशीच आहे. वाचून जेवलो, हे तेवढं मनात धर.

पण शेवट कसा झाला ते तुला मीच सांगायला हवं, मर्सीला ते नीट कळलेलं नाही. चंदीचे फार हाल झाले गं. नळीतून घातलेलं अंगी लागेना. डॉक्टर म्हणायचे आज-उद्या, आणि ते आज-उद्या काही संपेना. श्वास असा ओढायची की मी यंत्र काढून ठेवलं तरी मला तो ऐकू यायचा. भवानीशंकराचं तीर्थ दिलं, तुळशीचं पान ठेवलं, तुझा फोटो डोळ्यांपुढे धरला. खाडीवरची जिजा भाजी द्यायला आली होती, ती बघून म्हणाली की पानीसुद्धा बाहेर येतंय, म्हणजे बाईचा जीव कशात तरी अडकलाय, काय राहिलंय ते शोधा.

तुला आजोबांच्या बापाची गोष्ट माहीत आहे का? तो म्हातारा असाच अडकून पडला होता. आजारी पडला त्या दिवशी बागेत नवा पाट खणत होता, तो अर्धाच राहिलेला. शेवटी आमचे बाबा कुदळ घेऊन गेले आणि पाट पूर्ण केला. शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं आणि इकडे म्हातारा शांत झाला. तेव्हापासून आपल्या घरात जाणाऱ्याचं अर्धं काम ठेवत नाहीत.

ते आठवलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चित्र तू सांगितल्याप्रमाणे समोरच लावलेलं होतं. ती सारखी त्याच्याकडेच बघायची. कडेने रंग, आणि मधला एवढा मोठा भाग पांढराफटक. मी मागे जाऊन पाहिलं, सही नव्हती. चित्र पुरं झाल्याशिवाय ती सही करत नाही आणि पडली त्या दिवशी सकाळीसुद्धा मला म्हणाली होती की अजून नाही.

सकाळी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि तिचाच ब्रश घेतला. कडेच्या पिवळ्याशी जुळवून पिवळा कालवला. पिकायला लागलेल्या राजेळी केळ्याचा तो रंग, तो काय मला कुणी शिकवायला हवा? मन लावून केलं गं. पहिला हात मारला तशा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. इतक्या दिवसांत न हललेली, पण तिने डावा हात उचलला आणि माझ्याकडे धरला. मर्सी म्हणाली, आशीर्वाद देतायत. मी तिला सांगत राहिलो की होत आलं, आता मोकळी होशील. दुपारी पांढरं सगळं भरून झालं. तिने डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. दिवेलागणीला गेली.

मला कुणी चित्रकार म्हणणार नाही, पण बहिणीची एवढी सेवा हातून झाली. गाडीवाल्यांना कळव, चित्र तयार आहे. पिवळा जरा गडद झाला असेल तर तसं लिही, तुझ्या बोलण्याचं मला वाईट वाटत नाही.

एकटाच उरलोय, तेव्हा आता सगळा लोभ मलाच लागेल.

तुझा,
बाबूकाका

॥ श्री ॥
बडोदा,
२ जानेवारी २०२५

ती. स्व. बाबूकाकांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तब्येत ठीक आहे, बाळही ठीक आहे.

तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. चित्र अपुरंच होतं, आत्याने मला तसं लिहिलं होतं. उरलेला भाग पिवळाच करायचा असं तिच्या मनात होतं. तिने हात उचलला तो आशीर्वादालाच, दुसरं काय असणार. तुमच्यामुळे ती सुटली.

प्रदर्शन तूर्त पुढे गेलं आहे, जागेची काही अडचण झाली. गाडी एवढ्यात येणार नाही. चित्र तुमच्याकडेच राहू द्या. त्याला ऊन लागणार नाही असं बघा, म्हणजे झालं.

मनाला फार लावून घेऊ नका. जेवण गेलं नाही तर बळेच जेवू नका. चहात साखर हवीशी वाटली तर थोडी घ्या, आता ह्या वयात किती पथ्य करायचं.

तुमच्या पायांशी माझा लोभ कायमचा आहे.

तुमची,
ऋतू

॥ श्री ॥
आगाशी,
१८ जानेवारी २०२५

चि. ऋतूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. साखर घ्या म्हणालीस, तिथे मला धस्स झालं.

शाळेत होतीस तेव्हा मी तुझ्या चपलेला उलटा अंगठा लावून आणला म्हणून तू सगळ्या एस.टी. स्टँडसमोर माझा उद्धार केला होतास. चंदीच्या एका चित्राला मी भिंतीवर जरा तिरका खिळा मारला, तर दिवाळीभर ऐकवत होतीस. आणि आता मी तिच्या सगळ्यात मोठ्या चित्रावर ब्रश फिरवला आणि तुला बोलायला एक शब्द सापडला नाही? पिवळा गडद झाला का, हेसुद्धा तू विचारलं नाहीस. एवढी गोड तू माझ्याशी कधी बोलली होतीस? पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं. मग उठून चित्रापाशी गेलो आणि माझ्या पिवळ्यावर तळहात टेकला.

ऋतू, तिची सगळी कापडं मीच चौकटीवर ताणून ठोकत आलो. कोरं कापड हाताला कसं लागतं ते मला झोपेतही सांगता येईल, वरून एक हात रंग लावला तरी वीण लागतेच. इथे वीण लागली नाही. नखाने कडेला जरासं खरवडलं. माझ्या पिवळ्याखाली पांढरा रंग निघाला, आणि त्याच्याखाली आणखी पांढरा. रंगवतानाही ब्रश घसरत होता गं. मला वाटलं, माझाच हात कापतोय.

म्हणजे चित्र झालेलं होतं. तू जो शब्द दिला होतास तो हाच ना? तुला दोष देत नाही, ती तुला शब्दात बांधणारच. मी रोज विचारायचो, ती रोज नाही म्हणायची, आणि मी गाढव खरं धरून चाललो. पण मग ती का रडत होती? हात कशाला उचलला होता? मला थांबवायलाच ना? बोलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत भरत चाललो होतो आणि वर तिलाच सांगत होतो की आता मोकळी होशील. देवा रे.

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन चित्रासमोर उभा राहिलो. पुसायला गेलो तर माझ्याबरोबर तिचंही निघेल. जिजा म्हणते, पुसू नका, गेलेला जीव परत अडकेल. मला आता काही समजत नाही. बोळा तसाच बाहेर फेकला. चहा आणायला उठतो तेव्हा अजून दोन कप काढतो आणि मग एक परत ठेवतो.

तू मला वाचवायला खोटं लिहिलंस, ते कळलं. लिहिताना तुझं काय झालं असेल तेही कळलं. पण असं करू नकोस. सुखरूप बाळंत हो, सव्वा महिना होऊ दे, मग ये. लेकराला मर्सीच्या हातात दे आणि माझ्यासमोर उभी राहून मला बोल, काय तोंडाला येईल ते बोल. यंत्र घातलं तरी मला कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने बोल. चंदीला बोलता आलं नाही, तिच्या वाटचंही तूच बोल.

लोभ ठेव असं लिहायला ह्या वेळी हात रेटत नाही. ठेवलास तर उपकार होतील.

तुझा,
बाबूकाका