थांब आणि छू

६ एप्रिल
गेला! पुन्हा कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून गेला. शेजारच्या मनस्वीची सायकल आडवी, तिचं कोपर सोललेलं, आणि आमचा कुत्रा, बुलेट, तिचं तोंड चाटतोय. तिच्या आईने अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं सुनावलं. बरोबरच आहे तिचं.

मुंबईला ह्यांना फोन केला. "एक तारखेला येतो. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर लांज्याच्या काजूवाल्याकडे. राखणीला, साखळीवर." झाला निकाल! साखळीवर हा जगायचा नाही.

७ एप्रिल
शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दर्शनाने कुत्रे शिकवलेत. म्हणाली, "एकच शब्द धर — थांब. थांबला की खाऊ. घरात सगळ्यांनी तोच शब्द." सगळ्यांनी म्हणजे मी आणि सासरे. आप्पांना सांगितलं. मान डोलावली.

११ एप्रिल
चार सेकंद थांबला. दोरीने तळहात सोलले.

१५ एप्रिल
कळलं का शिकत नाही ते! मी शाळेत गेले की आप्पा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसतात. आंब्याच्या कलमांवर वानर दिसला की — "बुलेट, छू!" हा सुटतो. परत आला की अर्धी भाकरी. मी शिकवायचं, आप्पांनी पुसायचं.

बोलले. आप्पांना जरा जास्तच बोलले.

"पाय चालत नायत गो माझे. कलमं कोण राखील? त्याचे पाय तेच माझे."

म्हटलं, अशाने त्यालाच घालवाल.

१९ एप्रिल
दमले. पेपरांचे गठ्ठे तसेच पडलेत. मी घरी आल्याचा आनंद होणारा एकच जीव आहे, आणि तोही असा अंगावर येतो की साडी फाटते. तरी तो जायला नको. नकोच.

२४ एप्रिल
आता आप्पांनी छू म्हटलं की मी थांब म्हणते. मध्ये बिचारा थरथरतो — पण थांबतो! माझंच ऐकतो. आप्पा दोनदा ओरडले, मग काठी आपटत आत गेले. जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२९ एप्रिल
पाच मिनिटं थांबला! ह्यांना दाखवायला व्हिडिओ काढत होते. खालून बागेतून आप्पांची हाक — "बुलेट! छू!" म्हटलं, पुन्हा वानर. बुलेट कुंईकुंई करत उठायला लागला. थांब! थांबला. हाका येत राहिल्या. मग बंद झाल्या.

जेवायला आले नाहीत म्हणून शोधायला गेले. कुत्रा हल्ली त्यांचं ऐकत नाही म्हणून स्वतःच काठी टेकत वानर हाकायला उतरले होते. कलमाखाली पडलेले. मांडीचं हाड मोडलंय.

गाडीत घालताना म्हणाले, "शिकला गो तुझा कुत्रा." रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

३० एप्रिल
व्हिडिओ ऐकला. शेवटी शेवटी छू नाहीच. नुसतं, "बुलेट, ये रे."

४ मे
एक तारखेपासून हे हॉस्पिटलातच; आज बुलेटला पाहिलं. "छान तयार केलास. राहू दे." आप्पांना मात्र मुंबईला नेताहेत. कायमचं. "तू शाळेत, मग इथे त्यांना कोण बघणार?"

आप्पांच्या हट्टाखातर ॲम्ब्युलन्स दोन मिनिटं घरापुढे थांबवली. आडव्यानेच हाक मारली, "बुलेट, ये रे."

बुलेटने माझ्याकडे पाहिलं. जा, म्हटलं. जा रे, जा!

हलला नाही.