गिन्नानचे पंधरा दिवस

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली पडली! सकाळी साडेपाचला कोपऱ्यावर गेलो, गिंकोच्या झाडाखाली नऊ फळं. मऊ, पिवळी, सुरकुतलेली. हातमोजे घालूनच उचलली — गेल्या साली विसरलो आणि आठवडाभर बोटं खाजवत बसलो होतो. वास येतो, मान्य. खवट लोण्याचा. पण फळाच्या पोटात टणक बी असते, गिन्नान, आणि ती फोडली की आतला गर पहिले पंधरा दिवसच पाचूसारखा हिरवा असतो. मग पिवळा पडतो. पिवळा गर डबाबंदसुद्धा मिळतो, त्याला कोण विचारतंय.

नवात काही होत नाही. बादलीत भिजत टाकली, वरचा कुजका लगदा सुटायला.

५ ऑक्टोबर, रविवार

एकोणीस.

७ ऑक्टोबर, मंगळवार

समोरच्या नव्या घरातली निशिवाकी नावाची पोरगी आपल्या तान्ह्या मुलीला ढकलगाडीत घालून झाडाखालून गेली. नाकाला रुमाल. मी वाकून वेचत होतो. थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हे खरंच खातात?"

"नाही, मी दागिने करतो," म्हटलं.

ती हसली. मला हसायचं नव्हतं. हिच्या दोरीवरच्या कपड्यांना कसल्याशा खोट्या फुलांचा वास येतो. वारा आमच्याकडे असला की घरभर. त्याची शिसारी येते मला, पण मी कधी रुमाल लावला का? फळ कुजलं तर वास येणारच. या लोकांना झाड हवं, सावली हवी, नोव्हेंबरात पिवळ्या पानांखाली फोटो हवेत. फळ नको.

रात्रीच्या जेवणाआधी दहा भाजल्या, मिठात. सोबत एक प्याला साके, कोमट. मित्सुएनं टरफलं काढून दिली. तिला म्हटलं, घे एक, तर म्हणाली, "तुम्ही खा. मोजक्याच आहेत." अशी बायको नशिबानंच मिळते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

खोडाला कागद बांधलाय. वर प्लॅस्टिक, म्हणजे भिजू नये. "दुर्गंधीबद्दल रहिवाशाची तक्रार आल्यावरून सदर मादी झाड बुधवार दि. १५ रोजी तोडण्यात येईल. त्या जागी नर झाड लावण्यात येईल."

नर झाड म्हणजे फळच नाही. दोनदा वाचलं.

दुर्गंधी म्हणे. एकतीस वर्षं मी याच रस्त्यावरून बस चालवली. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी साठ माणसं एका बसमध्ये — दुर्गंधी काय असते ते मला सांगतात! एका झाडाविरुद्ध अर्ज करणारा माणूस कसा असेल? नाव न लिहिता, मागून.

आणि हिरवे दिवस सतरापर्यंत. झाड पंधरालाच जाणार, म्हणजे तीन दिवस बुडाले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पालिकेत फोन केला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, "तक्रारदाराचं नाव आम्ही सांगत नाही." कितींनी तक्रार केली विचारलं, तर म्हणाला, एकच अर्ज. एक! एका नाकासाठी एक झाड. "आपल्या भावना समजतो," असंही म्हणाला. तेव्हा फोन ठेवला. त्या गोडपणानंच जास्त किळस आली.

११ ऑक्टोबर, शनिवार

वारा नाही. फळं पडेनात. वर शेकड्यानं लटकताहेत आणि चार दिवस उरलेत. कपडे वाळत घालायचा बांबू घेऊन गेलो, फांद्या झोडल्या. बहात्तराव्या वर्षी हे धंदे. एक फळ थेट कॉलरमध्ये फुटलं आणि पाठीवरून ओघळत गेलं. रस्त्यापलीकडे दोन शाळकरी पोरी बघत होत्या. मी खाली वाकून वेचत राहिलो.

मित्सुएनं शर्ट दोन बोटांनी धरून नेला. तिसऱ्या धुण्यालाही वास गेला नाही, मग टाकून दिला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

निशिवाकीच्या दाराशी गेलो. बेल वाजवली. दार उघडताच सुरू झालो — तुम्ही काल आलात, झाड साठ वर्षांचं आहे, वास सोसत नसेल तर घर घेताना नाक कुठे ठेवलं होतं, तोंडावर हसता आणि मागून अर्ज करता. मूल आत रडायला लागलं तरी थांबलो नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, अर्ज मी नाही केला. मी तर झाड ठेवा म्हणून लिहून दिलंय. माझ्या माहेरी अंगणात होतं. आई अंड्याच्या वाफवलेल्या खिरीत एकेक गिन्नान घालायची. त्या दिवशी तुम्हाला विचारणार होते, इथल्या वेचू का म्हणून. पण तुम्ही रागावलेले दिसलात."

मान खाली घातली. माफी मागितली, पण दरवाजाकडे बघत. आपल्याच तोंडाची घाण आपल्याला येते असं झालं.

घरी आलो, बादलीतली निम्मी धुऊन पिशवीत घातली आणि तिच्या दाराला अडकवून आलो. बेल वाजवायची हिंमत झाली नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झाड पाडलं. चाळीस मिनिटं लागली.

जेवताना म्हटलं, उद्या होरिएंकडे जातो, वस्तीचे प्रमुख आहेत, कोणी अर्ज केला ते त्यांना ठाऊक असणार. मित्सुएनं वाटी खाली ठेवली.

"होरिएंकडे जाऊ नका. अर्ज माझा आहे."

ती शांत होती.

"बेचाळीस वर्षं झाली. ऑक्टोबर लागला की ती बादली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असते. महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

म्हटलं, मला एकदा तरी सांगायचंस.

"सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात. तुम्ही हसलात आणि एक सोलून माझ्या तोंडात घातलीत."

ते मला आठवतं. चांगलं आठवतं. फक्त त्यात तीही हसत होती.