अर्धी गोळी

पिंपळी, ता. बारामती
१९ जून २०२५

ती. सौ. संजीवनीताईंना,
रोहिणीचा नमस्कार. तुमच्या भावाने माझ्या फोनमधून तुमचा नंबर काढून टाकलाय, म्हणून वालचंदनगरच्या क्वार्टरच्या पत्त्यावर हे पत्र टाकते.

इकडे ठीक आहे. शेडनेटमधली ढोबळी मिरची चांगली आलीय. आईंचा गुडघा दुखतो, पण त्या आराम करतील तर त्या आई कसल्या. संस्कृतीची चौथी सुरू झाली. बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतलंय. फळ्यावरची ओळ वहीत उतरवेपर्यंत तिच्या डोक्यातून निसटून जाते. पाचाच्या पाढ्याला अडते.

मे महिन्यात तुमच्याकडे असताना तिला फिट आली, ती वीस मिनिटं थांबली नाही. तुम्ही दवाखान्यात सगळ्यांना सांगत होता, फिटची एकही गोळी चुकवली नाही म्हणून. हे म्हणाले, "तूच चुकवली. आजपासून मला बहीण न्हाय." मी तिथंच उभी होते. पदर सारखा करत होते.

ताई, तुम्ही चुकवली नव्हती. तिच्यासोबत मी दिलेल्या डबीतल्या गोळ्याच अर्ध्या होत्या. तुम्हाला वाटलं असेल, डॉक्टरांनीच तशा सांगितल्यात. त्या मी अडकित्त्यानं कापत होते, एप्रिलपासून, कुणाला न विचारता. फवारणी जड झाली की मिरचीचं पान करपतं, मग आपण पुढच्या वेळी औषध निम्मं करतो. पोरगी सुस्त दिसायला लागली तेव्हा मला तेवढंच सुचलं. आणि तीन आठवडे ती खुलली होती हो. नवाचा पाढा म्हणाली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे विसरणं गोळीमुळं असेल किंवा आजारामुळंही, पण मनानं काही करू नका. मी निम्मंच ऐकलं.

मला रडू येत नाही. भाकरी थापते, मिरची तोडते, आता पूर्ण गोळी देते. दिवस जातो.

एक गोष्ट लिहायची नव्हती. दवाखान्यातून घरी आल्यावर संस्कृती रोज बापाला सांगायची, "आत्यानं गोळी दिली व्हती. मी खाल्ली व्हती." चार-पाच दिवस तिनं सोडलं नाही. शेवटी मीच तिला जवळ घेऊन म्हणाले, "बाळा, तुला नीट आठवत न्हाय." तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय, मला आठवत न्हाय." आता शाळेत, घरात, काहीही विचारलं की तेच म्हणते. येत असलं तरी.

उद्या डॉक्टरांकडे नंबर आहे. तिथं ह्यांच्यासमोर सगळं सांगणार आहे. ह्यांनी मला ठेवलं काय नि माहेरी धाडलं काय, त्याचं मला काही वाटेनासं झालंय. आज दुपारी आधी संस्कृतीला सांगितलं, "तुझं खरं व्हतं. आत्यानं गोळी दिली व्हती."

ती म्हणाली, "मला आठवत न्हाय, मम्मी."

तुमच्या भाचीला खोटं पाडणारी,
रोहिणी