नाईकाचा हात

प्रिय जया,

त्या ग्रामसभेपासनं तू माझ्याशी बोलली न्हाईस, पोरी, आन् त्यात तुझं काही चुकलं न्हाई. मीच तोंड लपवून हितं खोडदला लेकाकडं, सार्थककडं येऊन बसलोय. सूनबाई दोन येळला गरम वाढती, पण ध्यान समदं वाडीकडं.

तू वाडीची सरपंच, मी तुझा चुलता आन् वाडीचा नाईक. नाईकीला सरकारदरबारी कागद न्हाई. तरी पोळ्याला आपला बैल पुढं, आन् बैठकीत नाईकाचा हात वर गेल्याबिगर कुणाचा हात हलत न्हाई, ही रीत आजोबापासनं चालत आली. त्या दिवशी ठराव वाचला, झऱ्याकडची गावकीची जागा हॉटेलवाल्याला तीस वर्सं द्यायची. मला पुसायचं व्हतं, मग उन्हाळ्यात बायकांनी पाणी भरायचं कुठनं? म्हणून हात वर केला. मागं बघतो तर समदी सभा हात वर करून बसलेली. साळुबाई पेंगत व्हती, तिचाबी हात वर. ठराव मंजूर. एकटा तुझा हात खाली व्हता.

तवाच उठून सांगायला पायजे व्हतं. लोकांना वाटलं म्हातारा गांगरला म्हणून बोलला न्हाई. खरं सांगू का, एवढे हात बघून मला लई बरं वाटलं. तू निवडून आल्यापासनं लोक कामाला तुझ्या दारात जात्यात, मला नुसता रामराम. म्हणलं, अजून आपला शब्द चालतो. त्या मोहापायी गप बसलो, त्याची लाज वाटते.

आता पुढच्या शुक्रवारी तू फेरसभा लावलीस. वाडीतनं सयाजीचा फोन आला, नाईक, नुसता हात खाली ठेवा, ठराव पडंल. पडंल, ठाऊक हाय मला. पण काल हॉटेलवाल्याचा माणूस हितं येऊन गेला. माझ्याकडं न्हाई, सार्थककडं. माझ्या माघारी नाईकी कुणाची, हे त्यानं बरोबर हेरलंय. सार्थक म्हणतो, सहज आलता. म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. आज माझ्या हातानं ठराव पडला, तर उद्या त्याच्या हातानं पुन्ना मंजूर हुईल. म्हणून लिवतोय, जया. सभेला मी येतो, उठून माझी चूक सांगतो आन् ऱ्हायलेला प्रश्न पुसतो. त्यानंतर तू हात वर करायला लावू नकोस, चिठ्ठ्या टाकून मत घे. झरा जाईल ह्या भ्यानं जीव थाऱ्यावर न्हाई, तरीबी तसंच कर. लोक पुसत्याल, नाईकांनी चिठ्ठीवर काय लिवलं? सांगू नकोस. हे पत्र मी सोता पोस्टात टाकतोय, सार्थकच्या हाती दिलं न्हाई.

तुझाच,
सोमाजीकाका