कोवळा उपटलेला लसूण

वडीगोद्री,
एप्रिल १९७४

प्रिय कौसल्ये,

भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला पोस्टाने पत्र धाडतेय म्हणून हसशील. हस. समोर आले तर तोंडातून शिव्याच येतील, आणि तुझ्या दारात लेकीच्या लग्नाचा मांडव पडायचाय. धावड्याच्या शाळेत आपण एका पाटीवर लिहिलं, एकाच वर्षी या गावात सुना होऊन आलो, म्हणून ‘प्रिय’ लिहिलं. सवय आहे, दुसरं काही नाही.

लसणातलं तुला काय कळत होतं गं? हे वारले त्या वर्षी मी परसात वाफा केला, तेव्हा तू निम्म्या पाकळ्या उलट्या पुरल्यास. दुःखात बुडालेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा हसले. तेव्हापासून दर दिवाळीनंतर आपण दोघी बसून गड्डे फोडायचो. मोठ्या पाकळ्या बेण्याला, बारक्या तुझ्या चटणीला. काढायची वेळही मीच तुला शिकवली. खालची पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं. मान मऊ होऊन पात आपसूक आडवी झाली की एक गड्डा उपटून बघायचा, पाकळ्या भरून सुट्या दिसल्या तरच बाकीच्याला हात लावायचा. कोवळा काढलेला लसूण टिकत नाही, हे तू इतर बायांना माझ्यादेखत सांगायचीस.

यंदा पात हिरवीगार होती. तरी त्या संध्याकाळी तू धापा टाकत आलीस. “द्वारके, अंबडकडं गारा पडून राह्यल्या. जल्दी काढून घे, न्हाईतर सगळा मातीत जाईल!” आभाळ आलेलं होतंच. मी म्हटलं, अजून कोवळा आहे. तू ऐकेनास, पदर खोचून स्वतःच उपटायला लागलीस. मला केवढं भरून आलं! सख्खी बहीण एवढं करणार नाही, असं वाटलं. दिवेलागणीला वाफा रिकामा झाला. गारा काही पडल्या नाहीत.

माझे दीर पुंजाराम यांनी माझी खोली आणि परस आपलंच म्हणून दावा लावलाय, हे तुला पहिल्यापासून ठाऊक. ती जागा गेली तर मला या वयात धावड्याला भावजयीच्या हाताखाली राहावं लागेल, हेही ठाऊक. परस कोणाच्या वहिवाटीत आहे ते बघायला पंच यायचे होते. कधी, ते मला कुणी कळवलं नाही. ते आले दुसऱ्याच दिवशी, आणि बघतात तर माझ्या वाफ्यात पुंजारामांचे बैल बांधलेले, शेजारी कडब्याची गंज. कालपर्यंत इथे लसूण होता म्हणून मी ओरडत राहिले. पंचांनी डोळ्यांना दिसलं ते लिहून नेलं. मी रडले तेव्हा डोळे तू पुसलेस. पुढे लसूण सडून वास सुटला, तो सुपात भरून उकिरड्यावरही तूच टाकून आलीस.

परवा तुझ्या उषाचा साखरपुडा झाला, पुंजारामांच्याच मुलाशी. सोयरीक आपापल्या नशिबाची, मी आनंदाने ओटी भरायला आले. तिथे माझी जाऊ गोजरबाई, तुझी नवी विहीण, बायकांत बसून हसत म्हणाली, “आमची इहीण लई हुशार. पंच येणार म्हनताच गारांचं निमित्त बराबर काढलं!” सगळ्या हसल्या. तू मान खाली घालून विडे बांधत राहिलीस. कौसे, एकदा तरी ‘न्हाई’ म्हणायचंस गं. खोटं का होईना. मी तेही खरं मानलं असतं.

उषाच्या लग्नाच्या आड मी येणार नाही. ती माझ्या मांडीवर वाढलीय. पण काल अंबडला जाऊन आले. वकिलाने विचारलं, तिथे लसूण कोण लावायचं, हे शपथेवर सांगणारं कुणी आहे का? मी एकच नाव दिलं. तुझं. कोर्टाचा कागद तुझ्या दारी येईल, तो उंबऱ्यावर बघून घाबरू नकोस, एवढ्यासाठी आधी लिहितेय. तिथे तुला काय बोलायचं ते बोल. फक्त माझ्याकडे बघून बोल.

कोर्टात भेटेपर्यंत तुझीच,
द्वारका